'एकच प्याला' : अभिमानाची शोकांतिका

१

मराठी रंगभूमीवर शोकांतिका आली ती दोन वाटांनी. एक वाट इतिहासाची होती आणि दुसरी इंग्रजी शिक्षणाची. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी सांगलीत जो नाट्यप्रयोग केला, त्याचा विषय पौराणिक होता. त्या परंपरेतील आख्यानांचा शेवट बहुधा मंगल असे. संस्कृत नाट्यशास्त्राचाही दंडक असाच होता. रंगमंचावर प्रत्यक्ष मृत्यू दाखवू नये, नायकाचा अभ्युदय व्हावा आणि प्रेक्षकाने समाधानाने घरी जावे, ही त्यामागची धारणा होती. या दंडकाला अपवाद ठरणारे भासाचे 'ऊरुभंग' त्या काळात विद्वानांच्याही दृष्टीआड होते. टी. गणपतिशास्त्री यांनी त्रिवेंद्रम येथून भासाची नाटके प्रसिद्ध करण्यास आरंभ केला तो १९१२ च्या सुमारास. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातील मराठी नाटककाराला शोकपर्यवसायी नाटकाचा देशी आदर्श जवळजवळ उपलब्धच नव्हता.

विनायक जनार्दन कीर्तने यांनी १८६१ मध्ये 'थोरले माधवराव पेशवे' लिहून पहिली वाट पाडली. ऐन तारुण्यात क्षयाने गेलेला कर्तबगार पेशवा आणि त्याच्यामागे सती गेलेली रमाबाई ही घटना महाराष्ट्राच्या स्मरणात ताजी होती. तिचा शेवट बदलणे कोणत्याही नाटककाराला शक्य नव्हते. दुसरी वाट शेक्सपिअरच्या अभ्यासाची. 'ऑथेल्लो'चे मराठी रूपांतर १८६७ मध्येच झाले होते. आगरकरांनी 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' केले आणि गोविंद बल्लाळ देवलांनी 'ऑथेल्लो'ला 'झुंजारराव' हे मराठी रूप दिले. गणपतराव जोशी यांच्या हॅम्लेटने तर शाहूनगरवासी मंडळीच्या प्रेक्षकांना, एखाद्या माणसाचे आतून होणारे विघटन तासन्‌तास पाहण्याची सवय लावली. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी 'सवाई माधवरावांचा मृत्यू' या नाटकात या दोन्ही वाटा एकत्र आणल्या. त्यांनी विषय पेशवाईचा घेतला, परंतु मनोव्यापारांची मांडणी शेक्सपिअरच्या वळणाची केली.

या सर्व नाटकांत एक गोष्ट समान होती. त्यांतील नायक पेशवे, राजपुत्र किंवा सेनापती होते. सामान्य मध्यमवर्गीय घर, तेथील माजघर, जाते आणि पाळणा हे शोकांतिकेचे स्थळ होऊ शकते, ही जाणीव मराठी रंगभूमीवर ठामपणे रुजवण्याचे श्रेय राम गणेश गडकरी यांच्याकडे जाते. 'प्रेमसंन्यास' (१९१२) या आपल्या पहिल्या नाटकात त्यांनी विधवेच्या प्रश्नाला शोकपर्यवसायी रूप देण्याचा प्रयत्न केला होता. तो बराचसा योगायोगांच्या आहारी गेला. 'एकच प्याला'मध्ये मात्र त्यांना असा विषय सापडला की ज्याला बाहेरच्या योगायोगाची फारशी गरज नव्हती. नायकाचा नाश त्याच्या स्वभावातूनच घडवून आणता येत होता.

२

गडकऱ्यांचा जन्म २६ मे १८८५ रोजी बडोदे संस्थानातील नवसारी येथे झाला आणि २३ जानेवारी १९१९ रोजी नागपूरजवळच्या सावनेर येथे त्यांचे निधन झाले. उणेपुरे तेहतीस वर्षांचे आयुष्य त्यांना लाभले. त्यांच्या मृत्यूनंतर महिनाही पुरा झाला नव्हता, तेव्हा २० फेब्रुवारी १९१९ रोजी गंधर्व नाटक मंडळीने 'एकच प्याला'चा पहिला प्रयोग बडोद्यास केला. सुधाकराच्या भूमिकेत गणपतराव बोडस आणि सिंधूच्या भूमिकेत बालगंधर्व होते. नाटकातील पदे गडकऱ्यांची नव्हेत. ती त्यांचे स्नेही, कथाकार विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी रचली. आपल्या सर्वांत गाजलेल्या नाटकाचा प्रयोग पाहणे नाटककाराच्या नशिबी नव्हते. त्याचे गद्य त्याचे, गीते मित्राची आणि स्वर नटाचा, अशा तीन हातांतून ही कलाकृती प्रेक्षकांपर्यंत पोहोचली. तिच्या अर्थविषयी पुढे जे मतभेद झाले त्यांचे एक मूळ येथे आहे.

मद्यपानाचा प्रश्न त्या काळात केवळ खासगी नीतीचा राहिला नव्हता. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने दारूच्या उत्पादनावर आणि विक्रीवर सरकारचे नियंत्रण घट्ट केले होते आणि आबकारीचे उत्पन्न सरकारी तिजोरीचा एक मोठा आधार बनले होते. १९०८ मध्ये पुण्यात लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने दारूच्या दुकानांवर निरोधने झाली. मद्यपाननिषेधाला त्यामुळे राजकीय चळवळीचा रंग चढला. दुसरीकडे, इंग्रजी शिकलेल्या वर्गात मद्य हे सुधारणेचे आणि मोकळेपणाचे लक्षण मानले जात होते. गडकऱ्यांचे गुरू श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांनी 'मूकनायक' या नाटकात हाच विषय हाताळला होता. तेथे त्याची मांडणी वादविवादाच्या आणि कल्पनारम्य कथानकाच्या अंगाने झाली होती. शिष्याने तोच विषय घरात आणला आणि त्याचा शेवट मृत्यूत केला.

या पार्श्वभूमीमुळे 'एकच प्याला'कडे मद्यपाननिषेधाचे प्रचारनाट्य म्हणून पाहण्याची प्रथा पडली. प्रयोग पाहून अनेकांनी दारू सोडल्याच्या कथाही सांगितल्या जात. नाटकाच्या नावाने या समजुतीला बळ मिळाले. परंतु नाटक बारकाईने वाचले असता असे दिसते, की दारू ही येथे आपत्तीचे साधन आहे. आपत्तीचे कारण तिच्याहून खोल आहे, आणि ते शोधल्याखेरीज सुधाकर हा शोकांतिकेचा नायक ठरतो की केवळ व्यसनाचा बळी, या जुन्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

३

सुधाकर हा गरिबीतून स्वकष्टाने वर आलेला बुद्धिमान वकील आहे. त्याची पत्नी सिंधू श्रीमंत घरातील आहे. बालविधवा बहीण शरद त्याच्या आश्रयाला आहे. मित्र रामलाल त्याच्यावर भावाप्रमाणे प्रेम करतो. नाटकाच्या आरंभी या घरात सुखाला कशाचीही उणीव नाही. ज्या एका गुणाच्या जोरावर सुधाकराने हे सुख मिळवले तो गुण म्हणजे त्याचा स्वाभिमान. कोणाच्याही उपकाराखाली राहावयाचे नाही, कोणाचाही शब्द सहन करावयाचा नाही, हा त्याचा बाणा आहे. दारिद्र्यातून वर येणाऱ्या माणसाला अशा बाण्याची गरज असते. वर आल्यानंतर तोच बाणा त्याला वाकू देत नाही.

न्यायालयात मुन्सफाशी त्याचा खटका उडतो, भर कचेरीत त्याचा अपमान होतो आणि त्याची सनद काही काळापुरती रद्द होते. व्यवहारी माणसाच्या दृष्टीने ही फार मोठी आपत्ती नव्हे. मुदत संपली की सनद परत मिळावयाची होती. घरात अन्नाला तोटा नव्हता आणि सासर तर संपन्न होते. पण सुधाकराच्या दृष्टीने त्याने आयुष्यभर उभारलेली आपली मूर्ती चारचौघांत भंगली आहे. हे दुःख त्याला सिंधूजवळ बोलता येत नाही, कारण तिच्यासमोर तो कर्तबगार पती आहे. सासऱ्याची मदत घेता येत नाही, कारण ती भीक वाटते. उरतो तो त्याचा कारकून तळीराम. ज्याच्यापुढे लाज वाटण्याचे कारण नाही अशा हाताखालच्या माणसाकडून सुधाकर पहिला प्याला घेतो. बरोबरीच्या मित्राने तो दिला असता तर कदाचित त्याने घेतला नसता. गडकऱ्यांच्या मनोविश्लेषणातील हा बारकावा सहज निसटून जातो. सुधाकराला विस्मृती हवी आहे, सांत्वन नको आहे. सांत्वनात दुसऱ्याची करुणा असते आणि करुणा त्याच्या अभिमानाला सोसत नाही.

अ‍ॅरिस्टॉटलने शोकांतिकेच्या नायकाविषयी जे म्हटले आहे ते येथे आठवल्याशिवाय राहत नाही. असा नायक पूर्ण सज्जन नसावा आणि पूर्ण दुर्जनही नसावा. त्याचा नाश दुष्टपणातून न होता एखाद्या प्रमादातून व्हावा. या प्रमादाला त्याने 'हॅमार्शिया' ही संज्ञा वापरली. सुधाकराचा प्रमाद पहिला प्याला घेण्यात आहे असे वरवर दिसते. खरे पाहता तो प्याला म्हणजे आधीच घडून गेलेल्या प्रमादाचा केवळ दृश्य परिणाम आहे. माणसाने माणसापुढे दुबळे होऊ नये, या समजुतीतच त्याची चूक आहे.

नाटकाच्या मध्यावर गडकऱ्यांनी या निदानाची कसोटी पाहिली आहे. सुधाकर दारू सोडण्याचा निश्चय करतो. हा निश्चय खोटा नाही. तो शुद्धीवर येऊन कामधंदा शोधू लागतो आणि पूर्वीच्या परिचितांची दारे ठोठावतो. प्रतिष्ठित मंडळी त्याला दारुडा म्हणून झिडकारतात. ज्या समाजाला व्यसनी माणसाने सुधारावे असे वाटते, तोच समाज सुधारलेल्या माणसाला जागा द्यायला तयार नाही. हा प्रवेश नाटकातील सामाजिक टीकेचा कळस आहे. येथे प्रचारनाट्याची चौकट मोडते. दारू वाईट हे सांगून गडकरी थांबत नाहीत. परतीची वाट कोण बंद करतो, हा प्रश्नही ते विचारतात. नायकाच्या बाजूने पाहिले तर हा दुसरा अपमान पहिल्या अपमानाचीच पुनरावृत्ती आहे, आणि त्याला सुधाकराजवळ असलेले उत्तरही तेच आहे. तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. पहिल्या वेळी अज्ञान होते. या वेळी त्याला सर्व माहीत आहे.

हे 'माहीत असणे' सुधाकराला सामान्य व्यसनी माणसापासून वेगळे करते. मद्यपानाच्या पायऱ्या, प्रत्येक पायरीवरील मनाची अवस्था आणि शेवटच्या पायरीवरून परत फिरणे कसे अशक्य होते, हे रामलालला समजावून सांगणारा माणूस स्वतः सुधाकरच आहे. हे दीर्घ स्वगतवजा भाषण वक्तृत्वाचा नमुना म्हणून अनेक पिढ्यांनी पाठ केले. पण त्याचे नाट्यदृष्ट्या महत्त्व वक्तृत्वाहून अधिक आहे. येथे एक निष्णात वकील स्वतःच्याच विरुद्ध खटला चालवतो आहे. आरोप, पुरावा आणि निकाल ही सारी त्याचीच आहेत. ग्रीक शोकांतिकेत नायकाला सत्याचे ज्ञान शेवटी होते आणि त्या ज्ञानाबरोबर त्याचा नाश येतो. सुधाकराला ते ज्ञान शेवटाच्या कितीतरी आधी होते, आणि तरीही त्याला थांबता येत नाही. बुद्धी शाबूत असून इच्छाशक्ती मरते, ही आधुनिक माणसाची शोकांतिका आहे आणि गडकऱ्यांनी ती १९१९ च्या आधीच मराठीत आणली.

४

तळीरामाची तुलना अनेकदा इयागोशी केली जाते. दोघेही नायकाच्या सेवेत आहेत आणि दोघेही त्याच्या नाशाला कारण होतात. परंतु या साम्यापलीकडे दोघांचे स्वभाव अगदी भिन्न आहेत. इयागोला द्वेष आहे आणि त्या द्वेषातून त्याने कट रचला आहे. तळीरामाला सुधाकराविषयी द्वेष नाही. त्याला केवळ सोबत हवी आहे. आपण ज्या खड्ड्यात आहोत तो खड्डा नसून मैफल आहे असे त्याला सिद्ध करावयाचे आहे, आणि त्यासाठी जितके अधिक लोक येतील तितके त्याला हवे आहेत. या दृष्टीने तो खलपुरुष नसून व्यसनाचा प्रवक्ता आहे. त्याची वाणी तल्लख आहे, युक्तिवाद बिनतोड भासतो आणि विनोद तर हमखास हशा मिळवणारा आहे.

तळीरामाचे 'आर्यमदिरामंडळ' हे गडकऱ्यांच्या विनोदबुद्धीचे एक उत्तम फळ आहे. त्या काळी महाराष्ट्रात सभा, मंडळे, परिषदा यांचे पीक आले होते. नियमावली, ठराव, अध्यक्षीय भाषण, आभारप्रदर्शन हा सारा थाट या मद्यप्यांच्या मंडळात जसाच्या तसा आहे. शास्त्री आणि खुदाबक्ष येथे एका बैठकीला बसतात. जातिभेद आणि धर्मभेद मिटवण्याचे जे काम सुधारकांना जमले नाही ते दारूने साधले, असा उपरोध प्रेक्षकाला हसवतो आणि टोचतोही. 'बाळकराम' या नावाने विनोदी लेखन करणारा आणि 'गोविंदाग्रज' या नावाने कविता लिहिणारा, असे गडकऱ्यांचे दोन्ही हात या नाटकात एकाच वेळी काम करताना दिसतात.

हे विनोदी प्रवेश शोकांतिकेच्या एकात्मतेला बाधा आणतात, असा आक्षेप घेण्यात आला आहे. काही प्रवेशांच्या बाबतीत तो खरा आहे. कोटीमागून कोटी करण्याचा मोह गडकऱ्यांना आवरत नाही आणि पात्राच्या तोंडी नाटककार बोलू लागतो. पण मंडळाचे प्रवेश नाटकातून काढून टाकले तर काय उरेल, याचाही विचार केला पाहिजे. मग दारू केवळ भयानक दिसेल, आणि केवळ भयानक असलेल्या गोष्टीकडे कोणी आपण होऊन जात नाही. तळीरामाच्या बैठकीत उबदारपणा आहे, बरोबरीचे नाते आहे, हसणे आहे. प्रतिष्ठितांच्या दाराशी सुधाकराला जे मिळाले नाही ते येथे मुबलक मिळते. प्रेक्षक या मंडळींबरोबर मनमोकळा हसतो आणि त्या हसण्यापुरता तोही मंडळाचा सभासद होतो. पुढे त्याच व्यसनात तळीरामाचा अंत होतो आणि रुग्णशय्येभोवती वैद्य व डॉक्टर यांची जुंपते, तेव्हा हसू येते खरे, पण ते पूर्वीसारखे निर्धास्त राहत नाही.

५

सिंधू हे या नाटकातील सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत वादग्रस्त पात्र. श्रीमंत पित्याची ही लाडकी मुलगी पतीच्या घरात दळण दळून मुलाच्या दुधाची सोय करते. भाऊ पद्माकर तिला माहेरी नेऊ पाहतो. माहेरची मदत सुधाकराच्या अभिमानाला मंजूर नाही, म्हणून तीही ती नाकारते. सुधाकराने नशेच्या भरात केलेल्या प्रहाराने तिचे तान्हे मूल मरते आणि तिला प्राणांतिक इजा होते. त्यानंतरही पोलिसांपुढे ती पतीवर दोष येणार नाही असाच जबाब देते आणि प्राण सोडते.

हा शेवटचा प्रसंग पाहताना 'ऑथेल्लो'ची आठवण होणे अपरिहार्य आहे. गळा आवळला गेलेली डेस्डिमोना शेवटच्या श्वासात आपल्या मृत्यूचा दोष स्वतःकडे घेते. मराठी प्रेक्षकाला हा प्रसंग 'झुंजारराव'मुळे परिचित होता. दोन्हींतील फरक मात्र लक्षणीय आहे. डेस्डिमोनाचे शब्द कायद्यापुढे उच्चारलेले नाहीत. ते एमिलियाच्या प्रश्नाचे उत्तर आहे. सिंधूचा जबाब हा मृत्युसमयीचा जबाब आहे आणि कायदा त्याला विशेष महत्त्व देतो. वकिलाची ही पत्नी कायद्याचाच आधार घेऊन कायद्याला नवऱ्यापासून दूर ठेवते. एका बालकाच्या मृत्यूचा न्याय त्यामुळे कायमचा अडतो.

सिंधूच्या या वर्तनाचे मूल्यमापन काळानुसार बदलत गेले. पहिल्या पिढीला ती आर्य पतिव्रतेचा आदर्श वाटली. स्त्रीप्रश्नाची जाणीव वाढत गेली तशी तिची सहनशीलता अवास्तव आणि घातक वाटू लागली. अत्याचार सोसणाऱ्या स्त्रीचा गौरव करून नाटककाराने त्या अत्याचारालाच अप्रत्यक्ष मान्यता दिली, असा आरोप झाला. तो दुर्लक्षिण्यासारखा नाही. सिंधूच्या मनात संतापाची एक लाटही का उठत नाही, मुलाच्या भुकेपुढे पतीची आज्ञा श्रेष्ठ का ठरते, या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे संहितेत मिळत नाहीत. व्यक्ती म्हणून ती सुधाकराइतकी गुंतागुंतीची नाही, हे मान्य केले पाहिजे.

तथापि नाटककाराने सिंधूच्या शेजारी गीतेला उभे केले आहे. ही तळीरामाची बायको अशिक्षित आहे, फटकळ आहे आणि नवऱ्याच्या दारूविषयी मनात येईल ते बोलून दाखवणारी आहे. तिला आदर्शांची ओझी नाहीत. पतिव्रताधर्माच्या नावाखाली काय चालले आहे हे ती आपल्या रांगड्या भाषेत उघड करते, आणि सिंधूच्या पडत्या काळात तीच तिच्या कामी येते. एकाच व्यसनाने ग्रासलेल्या दोन घरांतील दोन बायका, एक सोसणारी आणि एक बोलणारी, अशी ही रचना योगायोगाने झालेली नाही. गडकऱ्यांची सहानुभूती आणि भक्ती सिंधूच्या बाजूला आहे, यात शंका नाही. पण नाटककार म्हणून त्यांनी विरोधी साक्षीदारालाही पुरेसा वेळ दिला आहे. आजच्या अभ्यासकाला सिंधूविरुद्ध जे म्हणावयाचे आहे त्यातील बरेचसे नाटकातच गीतेच्या तोंडून म्हटले गेले आहे. तिच्या बोलण्यावर हसणाऱ्या प्रेक्षकाने ते गांभीर्याने घेतले नाही, हा दोष सर्वस्वी संहितेचा म्हणता येणार नाही.

सिंधू आणि सुधाकर यांच्या स्वभावांची गाठ जेथे पडते तेथे या शोकांतिकेचे मर्म आहे. अभिमानी पती आणि त्या अभिमानाला देवासारखे जपणारी पत्नी, अशी ही जोडी आहे. सिंधूने एकदा जरी माहेरची मदत घेतली असती, एकदा जरी पतीला कठोर शब्द ऐकवला असता, तरी कदाचित त्याच्या अभिमानाला तडा गेला असता आणि तोच तडा त्याला वाचवणारा ठरला असता. ज्या निष्ठेची नाटकात पूजा होते तीच निष्ठा नाशाला अडथळा करीत नाही. गडकऱ्यांना हे विधान करावयाचे होते की नाही, हे सांगणे अवघड आहे. त्यांनी रचलेल्या घटनाक्रमातून मात्र ते निघते.

६

रामलाल, शरद आणि भगीरथ यांचे उपकथानक पुष्कळदा दुर्लक्षिले जाते. प्रयोगातही त्याला कात्री लागत आली आहे. प्रेमभंगामुळे दारूकडे वळलेला भगीरथ रामलालच्या प्रयत्नाने व्यसनमुक्त होतो. सुधाकराच्या कथेला हे प्रतिउत्तर आहे, कारण व्यसनातून बाहेर येणे अशक्य नाही हे त्यातून दिसते. भगीरथ वाचतो आणि सुधाकर बुडतो, याचे कारण दारूच्या प्रमाणात नाही. भगीरथ दुसऱ्याचा हात धरू शकतो. सुधाकराला ते जमत नाही. मुख्य कथानकातील निदानाला उपकथानकाने दिलेला हा दुजोरा आहे.

रामलालची कथा अधिक सूक्ष्म आहे. विवेकी, संयमी, सर्वांचा आधार असलेल्या या माणसाला आपल्या छायेत वाढणाऱ्या तरुण विधवा शरदविषयी अभिलाषा वाटू लागते. तिचे मन भगीरथाकडे आहे हे कळल्यावर त्याच्या मनात मत्सराचे वादळ उठते, आणि मोठ्या प्रयासाने तो ते आवरतो. मद्यनिषेधाच्या नाटकात हा प्रसंग कशासाठी, असा प्रश्न काहींना पडला. त्याचे उत्तर असे देता येईल, की आवर घालता न येणारी ओढ ही फक्त मद्यप्याची मिरासदारी नाही हे गडकऱ्यांना दाखवावयाचे होते. उपदेश करणाऱ्याच्या अंतःकरणातही एक प्याला भरलेला असतो. रामलाल तो ओठांपर्यंत नेतो आणि खाली ठेवतो. यामुळे सुधाकराकडे वरून पाहण्याचा अधिकार त्याला उरत नाही, आणि पर्यायाने प्रेक्षकालाही उरत नाही.

७

'एकच प्याला'च्या इतिहासात संहितेइतकाच प्रयोगाचा वाटा आहे. उंची शालूंसाठी आणि देखण्या वेषभूषेसाठी ख्यातनाम असलेले बालगंधर्व या नाटकात दरिद्री गृहिणीच्या जुनेऱ्यात रंगमंचावर आले. त्या काळच्या प्रेक्षकाला हा धक्काच होता. सुंदराबाई जाधव यांच्याकडून मिळालेल्या चालींनी आणि बालगंधर्वांच्या आर्त, भावपूर्ण गायनाने सिंधूचे दुःख घरोघर पोहोचले. परिणाम असा झाला, की ज्या नाटकाचा नायक सुधाकर होता ते हळूहळू सिंधूचे नाटक बनले. गणपतराव बोडसांनी सुधाकराची भूमिका तोलामोलाची केली, तरी गद्य नायक आणि गाणारी नायिका यांच्या स्पर्धेत संगीत नाटकाचा प्रेक्षक कोणाकडे झुकणार, हे उघड होते.

संगीताने दुःखाला माधुर्य दिले आणि त्या माधुर्याने दुःखाची धार कमी केली. जात्यावर बसलेली सिंधू गाऊ लागली की प्रेक्षक तिच्या गरिबीचे कारण विसरून स्वरात रमत असे. अ‍ॅरिस्टॉटलच्या परिभाषेत सांगावयाचे तर करुणा भरपूर निर्माण झाली आणि भीती मागे पडली. शोकांतिका करुण नाटकाकडे सरकली ती येथे. म्हणून आज हे नाटक केवळ गद्य म्हणून वाचणाऱ्या विद्यार्थ्याला जे दिसते ते गंधर्वकालीन प्रेक्षकाला दिसलेच असेल असे नाही. उलट त्या प्रेक्षकाने जे अनुभवले ते छापील पानातून कळणारही नाही. दोन्ही अनुभव खरे आहेत. त्यांतील अंतर ओळखणे हे नाट्येतिहासाच्या अभ्यासकाचे काम आहे.

गडकऱ्यांच्या भाषेविषयीही असाच विवेक ठेवावा लागतो. अनुप्रास, उपमांची माळ, शब्दांवरील कोट्या आणि लांबलचक वाक्ये यांनी ती कधीकधी दबून जाते. पात्र मरणाच्या दारी असतानाही अलंकार सोडत नाही. असे असले तरी सुधाकराच्या तोंडी ही भाषा विसंगत वाटत नाही. शब्द हे या माणसाचे उपजीविकेचे साधन होते. सनद गेली, प्रतिष्ठा गेली, घर गेले, तरी वाक्चातुर्य त्याच्याजवळ शेवटपर्यंत राहते आणि त्याचा कोणालाही काही उपयोग होत नाही. पत्नी आणि मूल यांच्या मृत्यूनंतर तो जे बोलतो त्यात युक्तिवादाचा डौल तसाच आहे. फरक इतकाच की आता जिंकण्यासारखा खटला उरलेला नाही.

अखेर सुधाकर प्याल्यात रसकापूर मिसळतो आणि तो पितो. पहिल्या अंकात तळीरामाने पुढे केलेला प्याला आणि शेवटच्या अंकातील हा विषाचा प्याला यांमध्ये सबंध नाटक आहे. दोन्ही वेळा तो 'एकच' आहे. पहिल्यांदा या शब्दाचा अर्थ 'फक्त एवढाच' असा होतो आणि शेवटी 'याच्यानंतर दुसरा नाही' असा होतो. सिंधूच्या खोट्या जबाबाने कायद्याने दिली असती ती शिक्षा टळली होती. सुधाकर तीच शिक्षा स्वतःच्या हाताने अमलात आणतो. या कृत्यात पश्चात्ताप आहे, हे खरे. पण त्याच्या पूर्वीच्या स्वभावाचा शेवटचा आविष्कारही त्यात आहे. क्षमा स्वीकारून जगणे म्हणजे पुन्हा कोणाच्या तरी उपकाराखाली राहणे, आणि मरणाऱ्या पत्नीने दिलेले जीवदान हा तर सर्वांत मोठा उपकार. तो सुधाकराला पेलत नाही. ज्या अभिमानाने त्याला पहिला प्याला उचलायला लावला, तोच अभिमान त्याला शेवटचा उचलायला लावतो. दारूबंदीचे कायदे झाले, आबकारीची धोरणे बदलली, नाटक कंपन्यांचे युग संपले, तरीही या नाटकाचे वाचन थांबले नाही. मदतीसाठी पुढे केलेला हात आणि विसरण्यासाठी भरलेला प्याला यांत सुशिक्षित, मानी माणूस प्याला का निवडतो, हा त्यातला प्रश्न अजून सुटलेला नाही.